शेवट माहीत असताना 'लास्ट स्टँड ऑफ द रेकर्स' परत वाचावं का?

वाचाच. शेवट माहीत आहे म्हणून तर नक्की वाचा.

तुम्ही विचारलंय की कॉलेजात असताना हे ट्रान्सफॉर्मर्सचं, म्हणजे वाहनांत रूप बदलणाऱ्या रोबोटांचं, कॉमिक एकदा वाचलं, कोण कोण मरतं ते सगळं लक्षात आहे, तर परत हातात घेण्यात काय हशील, आणि घेतलंच तर कुठल्या क्रमाने वाचावं. खाली आणखी एक ओळ जोडलीय: 'शेवटी ती खेळण्यांची जाहिरातच ना, युद्धकथा म्हणून कितीशी मनावर घ्यायची?' खरं सांगतो, या ओळीसाठी मी लिहायला बसलो. हे वाक्य आमच्या घरात मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय.

खेळणी आहेत, ते कोण नाकारतंय? १९८४ साली हॅस्ब्रोने ट्रान्सफॉर्मर्स बाजारात आणले आणि कॉमिक निघालं ते खेळणी खपावीत म्हणूनच. पण निक रोश आणि जेम्स रॉबर्ट्स या दोघांनी २०१० साली या पाच अंकांत काय केलं ते बघा. आयर्नफिस्ट, पायरो, रोटरस्टॉर्म हे तिघे त्यांनी कुठून उचलले, तर १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपात विकल्या गेलेल्या आणि नंतर कुणाच्याही खिजगणतीत न राहिलेल्या खेळण्यांमधून. त्यांच्या जिवावर कुणाचा धंदा अवलंबून नव्हता. मुख्य नायक ऑप्टिमस प्राइम मेला तरी परत येणार हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. हे तिघे गेले की गेले. जाहिरातीतून आलेल्या पात्रांना खरं मरण देता यावं म्हणून ही निवड केलीय, आणि माझ्या मते अख्ख्या मालिकेतला हा सगळ्यात हुशार निर्णय आहे.

आता परत वाचण्याचं. पहिल्या वाचनात आपण गोष्टीमागे धावतो. गॅरस-९ हा तुरुंग शत्रूपक्षातल्या ओव्हरलॉर्डने काबीज केलाय, त्या पक्षाचा म्होरक्या मेगाट्रॉनने आपल्याशी लढायला यावं म्हणून तो तिथे कैद्यांचे हाल करत बसलाय, आणि रेकर्स ही चांगल्या बाजूची लढाऊ टोळी त्याच्यावर चालून जाते. कोण वाचतंय, कोण मरतंय, एवढंच डोळ्यांना दिसतं. दुसऱ्या वाचनात आयर्नफिस्ट दिसायला लागतो. हा लढवय्या नव्हेच. किमिया नावाच्या केंद्रात शस्त्रं बनवणारा हा गडी 'फिसिट्रॉन' या टोपणनावाने रेकर्सच्या पराक्रमाच्या कहाण्या लिहीत आलाय. आपल्याकडच्या बखरकारासारखा: स्वतः रणात नव्हता, पण कुणी कुणाला कसं लोळवलं ते तपशिलाने सांगणार, आणि धन्याच्या अंगाशी येईल ते गाळणार. आता त्याला त्याच टोळीत भरती केलंय आणि तो हरखून गेलाय.

त्याच्या डोक्यात गोळी आहे. त्यानेच तयार केलेल्या हत्याराच्या अपघातात शिरलेली, हळूहळू मेंदूकडे सरकणारी. पहिल्यांदा हे आपल्याला उशिरा कळतं. दुसऱ्यांदा पहिल्या अंकाच्या पहिल्या भेटीपासून ती गोळी आपल्याला माहीत असते. तो उत्साहाने बडबडतो, नव्या सोबत्यांशी ओळखी काढतो, आणि त्यातलं एकेक वाक्य वेगळं ऐकू येतं. रेकर्समध्ये जागा मिळावी हे त्याचं आयुष्यभराचं स्वप्न होतं आणि ते पुरं झालं तेव्हा त्याच्याकडे दिवस उरले नव्हते. हे पहिल्या वाचनात वाचताच येत नाही.

माझं दुसरं वाचन मुळात एकट्याचं नव्हतंच. माझे मामा फौजेत होते. सातारा जिल्ह्यातले, पुरवठ्याच्या तुकडीत, १९९९ साली द्रासच्या बाजूला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते आमच्याकडे पुण्यात राहायला आले होते. डॉक्टरांनी डोळा वापरायला मोकळीक दिली तेव्हा नवीन डोळा कसा चालतोय ते बघायला त्यांना काहीतरी हवं होतं. वर्तमानपत्राचा टाइप बारीक. कपाटातून हे पुस्तक त्यांनीच काढलं, चित्रं मोठी आणि रंग भडक म्हणून. इंग्रजी त्यांना जेमतेम येतं, तेव्हा संध्याकाळी चहा झाला की मी शेजारी बसून एकेक चौकट मराठीत सांगायची, असं ठरून गेलं.

पुस्तक मोठ्याने सांगायला लागलं की पानं चाळता येत नाहीत. मामा तर चौकट पुरी झाल्याशिवाय पान उलटू द्यायचे नाहीत. कोण कुठल्या बाजूचा, कुणाच्या हातात काय, मागे कोण उभा आहे, सगळं विचारायचे. रोटरस्टॉर्म उतरल्या उतरल्या ओव्हरलॉर्डच्या हातून मरतो. वाचकाला तो आवडायला लागलेला असतो, तेवढ्यातच. मी मामांच्या तोंडाकडे बघत होतो. ते म्हणाले, "ह्यो हेलिकॉप्टर व्हता न्हवं? मग ह्येला खाली कशापायी उतरवला?" आणि थोड्या वेळाने, "त्येच्या जागी आता कोन?" मी सांगितलं, कोणी नाही. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या प्रत्येक अंकात माणसं मोजत राहिले. म्हणजे रोबोट. ते माणसंच म्हणायचे.

फोर्ट्रेस मॅक्सिमस हा त्या तुरुंगाचा मुख्याधिकारी. त्याची ओव्हरलॉर्डने काय दशा करून ठेवलीय ते पान आलं तेव्हा मामांनी पुस्तक मिटलं आणि बाहेर चक्कर मारायला गेले. त्या दिवशी पुढे वाचन झालं नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःच घेऊन आले आणि म्हणाले, "त्यो जगला का, तेवढं आदी सांग." जगतो, असं सांगितल्यावरच बसले.

आता आमच्या दादाबद्दल सांगावंच लागेल, कारण तुमची ती खालची ओळ त्याच्या तोंडची आहे. आमच्या गावात एका पंधरा ऑगस्टला त्याने मामांचा सत्कार घडवून आणला होता. शाल, श्रीफळ, शाळेच्या पटांगणात मंडप, सगळं नीट. ओळख करून देताना त्याने मामांना थेट बंकरवर चढवलं. शत्रूच्या गोळ्यांच्या वर्षावात चालून गेलेले वगैरे. मामा माईकपाशी आले आणि म्हणाले की मी बंकरवर गेलो नाही, मी वर राशन आणि रॉकेल पोचवायच्या कामावर होतो. मग ते खेचरांबद्दल बोलले. तिथली स्थानिक माणसं आपली खेचरं घेऊन रात्रीची सामान वाहायची, दिवसा हललं की तोफा चालू व्हायच्या. एकाचं खेचर दरीत गेलं, त्याच्यावरचा पाण्याचा साठा गेला, आणि तो माणूस कडेला बसून खेचराला नावाने हाका मारत होता, त्याला ओढत मागे आणावं लागलं. पोरं गप्प बसून ऐकत होती. दादाला मात्र राग आला. घरी आल्यावर म्हणाला, "मामा, पोरांसमोर असं बोलायचं असतं का? त्यांना स्फूर्ती मिळायला पाहिजे."

तेव्हापासून माझा आणि त्याचा वाद आहे. त्याचं म्हणणं, युद्धाच्या गोष्टीत अंधार दाखवला की सैनिकाचा अपमान होतो. माझं म्हणणं उलट आहे. सैनिकाने न केलेला पराक्रम त्याच्या नावावर चढवणं हा अपमान आहे. जे त्याने खरोखर केलं ते कमी वाटलं, म्हणूनच ना दुसरं काहीतरी चिकटवलं? राशन पोचवणाऱ्याला राशन पोचवणारा म्हणूनच मान देता आला पाहिजे.

'लास्ट स्टँड'मध्ये नेमकी हीच गाठ आहे. इम्पॅक्टर हा रेकर्सचा जुना म्होरक्या, दंतकथा झालेला. तो तुरुंगात का आहे? पोव्हा इथे हाती आलेल्या कैद्यांना त्याने मारून टाकलं म्हणून. लढताना मारणं वेगळं, हे कैदी होते. आणि गॅरस-९ मध्ये एक्विटास नावाचं यंत्र आहे, त्यात ऑटोबॉट्सच्या, म्हणजे आपण ज्यांना 'चांगले' म्हणत आलो त्यांच्या, युद्धगुन्ह्यांच्या गुप्त खटल्यांची नोंद आहे. कैद्यांची सुटका हे मोहिमेचं सांगण्यापुरतं कारण. ऑटोबॉट्सचा अधिकारी प्राउल, त्याला हवी होती ती नोंद. ज्या आयर्नफिस्टने आयुष्यभर पराक्रम लिहिले, त्याच्यापुढे ते खटले येतात. त्याच्या कहाण्यांतून काय काय गाळलेलं होतं ते आता त्याला दिसतं.

दादा मामांना भेटायला आला तेव्हा आम्ही बरोबर या भागात होतो. पुस्तक बघून म्हणाला, "अरे, फौजी माणसाला ही खेळण्यातली भुतं काय वाचून दाखवतोस?" मामा म्हणाले, "बस जरा, ह्येचं काय व्हतंय बघू." दादा बसला. पण मोबाईल बघत बसला. गोष्ट काय आहे ते त्याने आजही वाचलेलं नाही आणि मत मात्र पक्कं आहे.

रोश आणि रॉबर्ट्स हे स्वतः चाहते होते, हेही ध्यानात घ्या. रेकर्स ही टोळी सायमन फरमनने १९८६ साली ब्रिटिश साप्ताहिक कॉमिकमध्ये आणली. 'टार्गेट: २००६' ही ती कथा, आणि इम्पॅक्टर तिथलाच. जेम्स रॉबर्ट्सने तर नाव होण्याच्या कितीतरी आधी, २००१ साली, 'युजेनेसिस' नावाची ट्रान्सफॉर्मर्सची अख्खी कादंबरी चाहता म्हणून लिहिली होती. तेव्हा आयर्नफिस्ट कुणावरून बेतला असेल ते वेगळं सांगायला नको. ज्यांनी आवडत्या वीरांबद्दल प्रेमाने पानंच्या पानं लिहिली, त्यांनीच त्या वीरांचे गुन्हे काढून पुढ्यात ठेवले. प्रेम कमी झालं म्हणून हे कुणी करत नाही.

राहिला तुमचा क्रमाचा प्रश्न. पाच अंक सलग वाचा. पुस्तकरूपात मिळालं तर त्यात रॉबर्ट्सची 'बुलेट्स' ही गद्य कथा आहे, ती अंकांनंतर वाचा. बरेच जण चित्रं नाहीत म्हणून ती सोडतात, आणि आयर्नफिस्टच्या गोळीची खरी हकिगत तिथेच आहे. मग 'मोअर दॅन मीट्स द आय' या २०१२ साली सुरू झालेल्या मालिकेचा सहावा अंक. फोर्ट्रेस मॅक्सिमस जगला, पण जगणं म्हणजे काय, ते त्यात येतं: सुटका होऊनही तो सुटलेला नाही, आणि जहाजावर सहकाऱ्यांनाच ओलीस धरतो. मामांना मी हा अंक आवर्जून वाचून दाखवला आणि त्यांना पाचही अंकांपेक्षा हा जास्त पटला. त्यानंतर हवं तर रोशचं 'सिन्स ऑफ द रेकर्स' आणि २०१८ सालचं 'रेक्विएम'. 'सिन्स' गुंतागुंतीचं आहे, जुने संदर्भ फार लागतात. पहिल्या पाचाची धार त्याला नाही, हे माझं मत.

दोन गोष्टी सुरुवातीलाच सांगायला हव्या होत्या. एक, हे लहान मुलांना देऊ नका. मुखपृष्ठावर रोबोट बघून आईबाप घेतात आणि आत हातपाय तोडलेली धडं निघतात. दुसरी, नवख्या माणसाला पहिल्या अंकात पात्रांची गर्दी झेपत नाही. तुम्ही आधी वाचलेलं असल्याने तुम्हाला ती अडचण नाही, पण मित्राला द्याल तर कोण कोण आहे ते दोन मिनिटं सांगून मग द्या. आणि आयडीडब्ल्यू या प्रकाशकाकडचा ट्रान्सफॉर्मर्सची कॉमिक छापायचा परवाना २०२२च्या अखेरीस संपलाय, तेव्हा छापील प्रत दिसली तर घासाघीस करत बसू नका, घ्या.

परत वाचताना पायरोकडे लक्ष ठेवा एवढं सांगतो. त्याला ऑप्टिमस प्राइम व्हायचा ध्यास आहे. दिसायचं तसं, बोलायचं तसं, मरायचं तर तसंच मोठं मरण हवं. शेवटी इतरांना वेळ मिळावा म्हणून तो मागे थांबतो आणि मरतो. माझ्या मते दादासारख्यांची भाषणं ऐकून वाढलेल्या पोराचा हा शेवट आहे, लेखकांनी त्याच्यावर दया केलीय पण त्याला बरोबर ठरवलेलं नाही. मामांना हे मान्य नाही. ते म्हणतात, कुणाची नक्कल करून का हुईना, थांबला न्हवं? बाकीचे निसटले ते त्याच्यामुळंच. यावर आमचं अजून जुळलेलं नाही. तुमचं वाचून झालं की पायरोबद्दल काय वाटलं ते इथेच लिहा, मी मामांना वाचून दाखवीन.