पूर येण्याआधीचा पैसा आणि मार्चअखेरचा हिशेब

प्रश्न : आमचे गाव शिरोळ तालुक्यात पंचगंगेच्या काठी आहे. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी अर्धे गाव पाण्यात होते. पूर्वतयारीसाठी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडून ग्रामपंचायतीला 2 लाख 40 हजार रुपये मिळाले. त्यातून लाइफ जॅकेट, दोरखंड आणि विजेऱ्या घेतल्या. 85 हजार रुपये शिल्लक आहेत. मार्चअखेर जवळ आल्याने सदस्य म्हणतात, पैसे परत जाण्यापेक्षा गटारीच्या कामाला वळवू. पुरवठादार म्हणतो, बिल आत्ता काढा, उरलेला माल जूनमध्ये देतो. शिवाय तहसील कार्यालयाने दिलेल्या बोटीचे इंजिन बंद पडले आहे. त्याचा खर्च कशातून करावा? — एक सरपंच

उत्तर : आपण खर्च करण्याआधी विचारले, हे बरे केले, बहुतेक पत्रे लेखापरीक्षणाचा आक्षेप हातात पडल्यावर येतात.

गटारीचा मुद्दा आधी घेऊ. गटार तुंबली की पाणी वस्तीत शिरते, त्यामुळे गटारीचे काम हीसुद्धा आपत्तीची तयारीच आहे, हा युक्तिवाद सभेत पटण्यासारखा असला तरी हिशेबात टिकत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 साठी राज्यांच्या आपत्ती निधीची जी विभागणी ठरवली, तिच्यात दर शंभर रुपयांतले 20 रुपये सौम्यीकरणासाठी, म्हणजे आपत्तीचा फटका आधीच कमी करणाऱ्या कामांसाठी, 40 बचाव व मदतीसाठी, 30 पुनर्बांधणीसाठी आणि केवळ 10 पूर्वतयारी व क्षमतावाढीसाठी होते. पाणी शिरूच नये म्हणून केलेले बांधकाम सौम्यीकरणात मोडते आणि त्याचा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाकडे स्वतंत्रपणे पाठवावा लागतो. आपल्याला मिळालेली रक्कम ज्या आदेशाने मंजूर झाली, त्यात लिहिलेल्या प्रयोजनाबाहेर ती खर्च करण्याचा अधिकार मासिक सभेच्या ठरावानेही मिळत नाही. उरलेल्या 85 हजारांतून आदेशात बसणारी खरेदी मुदतीत होत असेल तर करावी, नसेल तर लेखी मुदतवाढ मागावी, आणि तीही मिळाली नाही तर रक्कम चलनाने परत भरावी. पैसे परत गेल्याने गावाची नाचक्की होते, हा समज मला आजवर कळलेला नाही.

पुरवठादाराचा सल्ला मात्र धोक्याचा आहे. माल न येता बिल काढायचे म्हणजे माल मिळाल्याचा दाखला खोटा द्यायचा, साठा नोंदवहीत नसलेली वस्तू जमा दाखवायची आणि त्यावर पैसे ठरल्या कामीच खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचे. एका सहीपोटी तीन खोट्या नोंदी होतात. जून कोरडा गेला तर कोणी विचारत नाही. पाणी चढले आणि जॅकेट आलेली नसली, तर त्या सह्या कोणाच्या, हे गाव विचारते. आपत्तीच्या मदतीसाठी आलेल्या पैशाचा किंवा साहित्याचा अपहार झाल्यास आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 च्या कलम 53 खाली दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, हेही सदस्यांच्या कानावर घालावे.

खरेदी झालेल्या साहित्याबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण खरी गळती तिथे असते. लेखापरीक्षणाच्या नोकरीत असताना एका नदीकाठच्या ग्रामपंचायतीत मी साठा मोजायला गेलो होतो. नोंदवहीत 30 जॅकेट होती आणि खोलीतही 30 भरली. वरची दोन उचलली तर खालच्या पोत्यातल्या जॅकेटांचे पट्टे उंदरांनी कुरतडलेले, आतला फोम भुगा होऊन खाली सांडलेला. कागदावर एकही चूक नव्हती. 8 ऑगस्ट 2019 रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना बाहेर काढणारी बोट उलटून माणसे बुडाली, तेव्हा मला ते पोते आठवले. संकटकाळी लागणारी साधने वापरण्याजोगी ठेवणे हे अधिनियमाच्या कलम 41 प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, म्हणजे आपलेच. म्हणून डेडस्टॉक, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या, नोंदवहीत मे महिन्यातील तपासणीची तारीख, प्रत्येक दोरखंड उलगडून मोजलेली लांबी आणि तपासणाऱ्याची सही असावी.

बोटीच्या बाबतीत आधी ती कोणाच्या डेडस्टॉकला आहे ते पाहावे. तहसीलच्या असेल तर दुरुस्तीची मागणी तिकडेच लेखी करावी. आपल्या नावावर वर्ग झाली असेल तर स्वनिधीतून अंदाजपत्रकात तरतूद करावी. वित्त आयोगाच्या अनुदानातील बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच राखलेला, भाग पाणी व स्वच्छतेसाठीच असतो, त्याला हात लावू नये. अबंधित भागातून हा खर्च करायचा असल्यास काम विकास आराखड्यात आधी आलेले असावे. इंजिन अनेकदा टाकीत वर्षभर साठलेल्या पेट्रोलनेच बंद पडते, त्यामुळे मोठ्या दुरुस्तीचे दरपत्रक मागवण्यापूर्वी कार्ब्युरेटर साफ करून पाहावा.

ऐन पुरात दरपत्रके मागवायला वेळ नसतो, हे खरे आहे. त्यासाठी त्याच अधिनियमाच्या कलम 50 मध्ये निविदेची अट शिथिल होते, परंतु जिल्हा किंवा राज्य प्राधिकरणाने तशी तातडीची खरेदी अधिकृत केली असेल तरच. आणि प्राधिकृत नियंत्रक अधिकाऱ्याने दिलेले वापराचे प्रमाणपत्र तेव्हा व्हाउचर म्हणून ग्राह्य धरले जाते. ते पाणी ओसरल्यावर त्याच आठवड्यात घ्यावे. पुढे अधिकारी बदलून जातात.