यादीत नाव नाही म्हणून

परवा संघाच्या निवड यादीत नाव नव्हतं, तर तू थेट 'माझी लायकीच नाही' म्हणालास. मनाला लागलं रे ते. तुला मिळाली दोन षटकं, तीही नव्या चेंडूने, जो फिरकीला फारसा वळत नाही. डावखुऱ्या फिरकीपटूची पारख अशी होते का?

मुंबईचे डावखुरे फिरकीपटू पद्माकर शिवलकर यांचं बघ. प्रथम श्रेणीत 589 बळी. 1973 च्या रणजी अंतिम सामन्यात मद्रासला तमिळनाडूविरुद्ध पहिल्या डावात 16 धावांत 8 बळी, दुसऱ्यात 18 धावांत 5. तरी एकही कसोटी नाही, कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी होते, तेही डावखुरे फिरकीपटू. राजिंदर गोयल यांचंही तेच: रणजीत 637 बळी, कसोटी शून्य. यात त्यांची गोलंदाजी कुठे कमी पडली, सांग मला.

आणि नशीब साथ देतं तेव्हाही सांभाळून. माझी पहिली निवड भिजलेल्या खेळपट्टीवरच्या पाच बळींमुळे झाली. चेंडू आपोआप वळत होता, मला वाटलं मीच वळवतोय. पुढच्याच सामन्यात कोरड्या विकेटवर बेदम चोपला गेलो.

तू टप्प्यावर रुमाल अंथर. रोज साठ चेंडू टाक, रुमालावर किती पडले ते वहीत लिही. महिनाभराने ती वही मला दाखव, निवड समितीची यादी नको. उद्या सहाला ये, नेट मी बांधून ठेवतो.