जुना ट्रेलर घेताना हॉर्सइतकीच ट्रॉलीही पाहावी

प्रश्न : मी 11 वर्षे न्हावा शेवा बंदरातून कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरवर चालक आहे. आता स्वतःची गाडी घ्यायची आहे. कळंबोलीत 2016 साली नोंदणी झालेला दहा चाकी हॉर्स (ओढणारी पुढची इंजिनाची गाडी) आणि 40 फुटी ट्रॉली (कंटेनर ठेवायचा मागचा सांगाडा) एकत्र विकायला आहे. इंजिन नुकतेच बांधले (पूर्ण उघडून दुरुस्त केले) आहे, असे दलाल सांगतो. मी गाडी चालवून पाहिली, ती चांगली वाटली. आणखी काय तपासावे?
— एक वाचक, उरण

उत्तर : इतकी वर्षे स्टिअरिंगवर काढलेल्या माणसाला हॉर्सची पारख मी शिकवावी असे नाही, मात्र आपल्या पत्रात ट्रॉलीविषयी एक अक्षरही नाही, याची मला काळजी वाटते. कायद्याच्या दृष्टीने ही दोन वाहने आहेत आणि दोन्हींची नोंदणी स्वतंत्र असते. म्हणून दोन्ही आरसी मागून घ्याव्यात आणि प्रत्येकीवरील चेसिस क्रमांक, ग्रीस व माती पुसून, लोखंडावर कोरलेल्या क्रमांकाशी आकडा न्‌ आकडा ताडून पाहावा.

ट्रॉलीच्या खाली शिरून दोन्ही लांब बीम टोकापासून टोकापर्यंत पाहावेत. काही वर्षांपूर्वी मी एक ट्रॉली घेतली, तेव्हा स्प्रिंगच्या पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ हातभर जागेवरचा काळा रंग बाकीच्यापेक्षा ताजा दिसत होता, पण मी त्याकडे दुर्लक्ष केले. तिसऱ्याच महिन्यात तिथला रंग सोलून निघाला आणि खाली जुन्या वेल्डिंगशेजारी नवी चीर दिसली. त्या दुरुस्तीत गाडी दोन आठवडे उभी राहिली. आपण अशा जागी नाण्याने रंग खरवडून पाहावा, आणि विकणारा त्याला हरकत घेत असेल तर व्यवहार तिथेच थांबवावा. कंटेनर ट्रॉलीला जखडून ठेवणारे सगळे ट्विस्ट लॉक हाताने फिरवून पाहावेत.

यानंतर ट्रॉली हॉर्सपासून सोडवून तिच्या पुढच्या आधाराच्या पायांवर उभी करायला सांगावी. किंगपिनवरचे (ट्रॉलीखालची, हॉर्सला जोडणारी पिन) ग्रीस पुसून कॅलिपरने माप घ्यावे: दोन इंची पिन नवी असताना 50.8 मिलिमीटर असते आणि झिजून 49 वर आली की ती बदलावीच लागते. जोडलेल्या अवस्थेत ट्रॉलीचा ब्रेक लावून हॉर्स हलकेच पुढे-मागे केल्यावर ठोका ऐकू आला, तर फिफ्थ व्हीलचे, म्हणजे ही पिन पकडणाऱ्या हॉर्सवरच्या तबकडीचे, लॉकही झिजलेले समजावे.

इंजिन सकाळी, थंड असतानाच पाहावे. आपण पोहोचण्याआधीच रेडिएटर कोमट लागला, तर दुसऱ्या दिवशी न कळवता पुन्हा जावे. चालू इंजिनच्या ऑइलच्या झाकणातून धूर भसाभस येत असेल, तर इंजिन बांधल्याचे म्हणणे ग्राह्य धरू नये. त्या कामाची बिले मागावीत. इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरावा आणि हवेचा काटा उतरतो का ते पाहावे. टायरवरच्या चार अंकांत तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष असते. तीन अ‍ॅक्सलची ट्रॉली धरून 22 टायरांचा हिशेब होतो, त्यामुळे किंमत ठरवण्याआधी ते मोजणे बरे.

दोनपेक्षा जास्त अ‍ॅक्सलच्या मालवाहू वाहनाला नॅशनल परमिट 15 वर्षांपर्यंतच मिळते, म्हणजे या हॉर्सला 2031 पर्यंत. आठ वर्षांनंतर फिटनेसही (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचे प्रमाणपत्र) दर वर्षी करावा लागतो. कर्ज काढणार असाल, तर त्याचे हप्ते या मुदतीच्या आत संपतील असेच ठरवावे.

सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर फिटनेस, कर, विमा, थकीत चलने आणि फायनान्स कंपनीचा बोजा या नोंदी दोन्ही क्रमांकांसाठी पाहाव्यात. बोजा असल्यास तो उतरवण्याचा फॉर्म 35 आणि कंपनीची ना हरकत हाती आल्याशिवाय विसारापलीकडे पैसे देऊ नयेत. मालकी बदलाच्या फॉर्म 29 व 30 वर सह्या दोन्ही वाहनांसाठी वेगवेगळ्या घ्याव्यात. केवळ हॉर्स नावावर होऊन ट्रॉली जुन्या मालकाच्या नावावर राहिल्याची प्रकरणे मी पाहिली आहेत, आणि त्या मालकाचा पत्ता पुढे शोधत बसावे लागते.