सिंगापूर दुसऱ्यांदा, पण पायी

प्रश्न: ताई, २०११ ला टूरवाल्यासोबत सिंगापूर केलं होतं, उतरा, फोटो काढा, परत बसमध्ये बसा, झालं. आता फेब्रुवारीत मी अन् मिस्टर दोघंच चाललोय, पायीच फिरायचंय. कुठून सुरू करू?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर: मस्त! तुम्ही गेलात तेव्हा गार्डन्स बाय द बे उघडलंच नव्हतं, ते २०१२ चं, त्यामुळे तिथे जालच. पण मला विचाराल तर आधी हार्बरफ्रंट मेट्रोपासून माउंट फेबरच्या पायऱ्या चढा अन् पुढे हेंडरसन वेव्ह्ज, लाटेसारखा वळलेला लाकडी पूल, २७४ मीटर लांब अन् रस्त्यापासून ३६ मीटर उंच, खाली नुसती झाडंच झाडं, तिकीट काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लिटल इंडियात टेक्का सेंटरला डोसा खाऊन निघा अन् रमतगमत कांपोंग ग्लामच्या सुलतान मशिदीपर्यंत जा, अंतर फार नाहीच. आणि हो, आपण नागपूरचे, ऊन आपल्याला काय करणार असं समजू नका बरं, पारा ३१-३२ च असतो पण दमटपणा असा की दहा मिनिटांत शर्ट ओला, म्हणून दुपारी सरळ एसी मॉलमध्ये घुसा. छत्री ठेवाच, आणि नवे बूट घालून जाऊ नका, मी गेले होते.