सफरचंदाचं कलम वाळलं : उंदीर की बुरशी?

प्रश्न : आम्ही जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहतो. परसातलं चार वर्षांचं सफरचंदाचं कलम यंदा वसंतात फुटलंच नाही. एक शेजारी म्हणतात, वॉटर व्होल या उंदरानं मुळं खाल्ली; दुसरे म्हणतात, हनी फंगस ही बुरशी लागली. ओळखायचं कसं? त्याच जागी नवं कलम लावावं का?

उत्तर : खोड धरून हळूच ओढा. व्होलनं खाल्लेलं लहान झाड बहुधा सहज उपटून हातात येतं, कारण खाली मुळंच उरलेली नसतात. बुंध्याला निमुळतं टोक आलेलं असतं, त्यावर पटाशीच्या दातांचे चरे दिसतात आणि उरलेलं लाकूड टणक असतं. बुरशीत मुळं जागेवरच असतात, पण कुजलेली. जमिनीलगतची साल चाकूनं सोलून पाहा. आत पांढरा, पातळ, पंख्यासारखा पसरलेला थर आणि अळंबीचा दाट वास असेल, तर हनी फंगसच. मातीत तिच्या काळ्या दोऱ्याही सापडतात. मधाच्या रंगाच्या छत्र्या उगवण्याची वाट पाहू नका. त्या दरवर्षी येतातच असं नाही.

जवळ ओढा नाही म्हणून व्होलला वगळू नका. ब्रिटनमध्ये तो पाण्याकाठी राहतो आणि तिथे त्याला कायद्याचं संरक्षण आहे. मध्य युरोपात मात्र तो कोरड्या कुरणांत नि बागांतही बिळं करतो. बीळ साधारण 30 सेंमी उघडं करून ठेवा. व्होल राहत असेल तर काही तासांत तोंड बुजवतो. चिचुंदरीसारखा दिसणारा मोल बहुधा खालून नवा बोगदा काढतो. जर्मनीत मोल संरक्षित आहे, त्यामुळे ही खात्री झाल्याशिवाय सापळा लावूच नये.

व्होल निघाला, तर त्याच जागी खुशाल लावा, पण मुळांभोवती 13 मिमी जाळीची तारेची टोपली हवी. तार जस्त न चढवलेली घ्या. ती काही वर्षांत गंजून जाते आणि जाड होणारी मुळं आवळली जात नाहीत. टोपलीचा वरचा काठ खोडापर्यंत दुमडा. तो उघडा राहिला की व्होल वरून शिरतो, आणि नेमकं हेच बहुतेकांकडून राहून जातं.

हनी फंगसवर औषध नाही. खोडाचा बुडखा आणि जाड मुळं मिळतील तेवढी खणून काढा. मातीत राहिलेल्या लाकडावर ती वर्षानुवर्षं तग धरते. हे अवशेष कंपोस्टमध्ये टाकू नका. शेजारच्या झाडांच्या बाजूनं तळ्याच्या अस्तराचं जाड प्लॅस्टिक 45 सेंमी खोल उभं गाडा, वरचा काठ 2-3 सेंमी मातीबाहेर ठेवा. त्या जागी सफरचंद नको. तूर्त हिरवळ किंवा हंगामी भाजी घ्या.