इथेनॉलच्या शेअर्समध्ये नवीन आहेस? आधी एवढं बघ

अरे इंटरेस्ट घेतोयस हे मस्तच, पण ई२० (२०% इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) ऐकलं की दिसेल त्या साखर कंपनीचा शेअर उचलायचा ही नव्या लोकांची नेहमीची चूक, ती करू नकोस. इथे मोठं गिऱ्हाईक म्हणजे तेल कंपन्या आणि उसाच्या इथेनॉलचा भाव ठरवतं सरकार, त्यामुळे बॅलन्सशीटच्या आधी सरकारी आदेश वाचायची सवय लाव. ७ डिसेंबर २०२३ ला त्या हंगामात उसाचा रस इथेनॉलला वापरायचा नाही असा आदेश आला आणि साखरेचे शेअर धडाधड आपटले, कारण काय तर पाऊस कमी, साखर कमी पडेल ही भीती (आणि पुढे निवडणुका, ते काय सांगायचं).

सध्या दोनच गोष्टी बघ:

- डिस्टिलरी कशावर चालते? उसाचा रस, बी-हेवी, सी-हेवी (साखर काढल्यावर उरणारी मळी, बी मध्ये साखर जास्त उरते, सी मध्ये कमी), मका, सगळ्यांचे दर वेगळे. २०२४-२५ ला सी-हेवी मळीच्या इथेनॉलला लिटरमागे ५७.९७ रुपये, मक्याच्याला ७१.८६. धान्यावरही चालणारी असेल तर ऊस कमी पडला तरी चाकं फिरती राहतात.
- कर्ज किती?

आणि २०% मिश्रण तर गाठून झालं, त्याच्या पुढची वाढ गृहीत धरू नकोस, इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, मायलेजवरून लोक आधीच ओरडतायत. एक गळीत हंगाम थोडेच पैसे टाकून बघ, रेशो-बिशो नंतर.