सरासरी खप आणि रात्रीचा एक रुग्ण : आपत्कालीन औषधसाठ्याविषयी प्रश्नोत्तरे

ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांतले औषधनिर्माण अधिकारी विचारतात, त्यांपैकी काही प्रश्न.

प्रश्न : कीटकनाशकाच्या विषबाधेवरच्या अ‍ॅट्रोपिन इंजेक्शनचा आमचा महिन्याचा सरासरी खप ४० अँप्युल (काचेच्या बंद कुप्या). अडीच महिन्यांचा म्हणून १०० ठेवल्या, त्या एका रात्रीत संपल्या. हिशेब कुठे चुकला?

सरासरी धरली तिथेच. सरासरीचा हिशेब पॅरासिटामॉलला चालतो, अ‍ॅट्रोपिनला नाही. इथे ‘एका गंभीर रुग्णाला किती’ हेच माप.

ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशक पोटात गेलेल्या प्रौढाला पहिला डोस १.८ ते ३ मि.ग्रॅ. आणि मग दर ५ मिनिटांनी दुप्पट, छातीतली घरघर थांबून नाडी व रक्तदाब सावरेपर्यंत. आपली अँप्युल ०.६ मि.ग्रॅ.ची. म्हणजे ३, ६, १२, २४. चौथ्या डोसला, जेमतेम पाव तासात, ४५ अँप्युल फुटल्या, २७ मि.ग्रॅ. झाले. पुढे याच्या १० ते २० टक्के दर तासाला सलाइनमधून. दहाच टक्के धरले तरी तासाला साडेचार, चोवीस तासांत १०८. एकूण १५३. प्रत्येक रुग्णाला एवढे लागत नाही, पण ज्याला लागते त्याला मध्येच थांबता येत नाही.

रुग्ण जिल्हा रुग्णालयात पाठवायचा असेल, तर ४५ आणि तीन तासांच्या प्रवासासाठी १४, म्हणजे ६० चा एक संच. तो रुग्णवाहिकेबरोबर जातो, म्हणून कपाटात दुसरा तयार हवा. कापसाच्या पट्ट्यात फवारणीच्या दिवसांत दोनांचे चार करा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे किती शेतकरी एकापाठोपाठ दाखल झाले, ते आठवा. आणखी एक : २४ अँप्युल फोडून भरण्यात एक माणूस पूर्ण अडकतो. संचात २० मि.ली.च्या सिरिंज ठेवा, २ मि.ली.च्या सिरिंजने हे काम पाच मिनिटांत होत नाही.

प्रश्न : सर्पदंशाच्या लसीबाबत नर्सना नेमके काय शिकवावे?

आधी हात, मग आकडे. पावडरची व्हायल सोबतच्या १० मि.ली. पाण्यात विरघळवताना ती झटकायची नाही, तळहातांत सावकाश फिरवायची. झटकली की फेस होतो, औषध त्यात अडकते आणि सिरिंजमध्ये कमी येते. पहिला डोस साधारण १० व्हायलचा, म्हणून एकीने एक-एक विरघळवत बसू नये. दोघी-तिघींनी एकदम सुरू करावे. मग सलाइनमध्ये मिसळून सुमारे तासाभरात. लहान मुलालाही व्हायल तेवढ्याच, कारण सापाने विष मूल बघून कमी सोडलेले नसते. कमी करायचे ते सलाइन.

त्वचेवर चाचणी डोस देऊ नका. रिअ‍ॅक्शन येणार की नाही हे त्यातून कळत नाही. त्याऐवजी लस सुरू करण्याआधी अ‍ॅड्रेनॅलिन ०.५ मि.ली. (१:१०००) सिरिंजमध्ये भरून, नाव लिहून शेजारी ठेवा. प्रौढाला लागले तर मांडीच्या स्नायूत. मुलासाठी वजनानुसार, किलोला ०.०१ मि.ली.

संचात कोरडी, स्वच्छ काचेची परीक्षानळीही हवी. रक्त २० मिनिटांत गोठते का, हे प्लॅस्टिकच्या नळीत किंवा साबणाने धुतलेल्या काचेत नीट कळत नाही. ती वस्तू प्रयोगशाळेची म्हणून औषधभांडाराने हात झटकले की रात्री ती सापडत नाही.

प्रश्न : विंचूदंशासाठी प्राझोसिन आहे, पण ‘एक्सएल’ गोळ्या आल्या आहेत. चालतील?

नाही. त्या औषध हळूहळू सोडतात, आणि चुरून दिल्या तर मात्रेचा भरवसा राहत नाही. लाल विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रुळवलेला उपचार साध्या गोळीचा आहे. मुलांना किलोला ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे १५ किलोच्या मुलाला १ मि.ग्रॅ.ची जवळपास अर्धी गोळी. मागणीपत्रात ‘साधी, १ मि.ग्रॅ.’ असे स्पष्ट लिहा.

प्रश्न : प्रसूतिकक्षात मॅग्नेशियम सल्फेट किती ठेवावे?

५० टक्के, २ मि.ली.ची अँप्युल म्हणजे १ ग्रॅम. गरोदरपणात किंवा प्रसूतीच्या वेळी झटके आलेल्या रुग्णाला सुरुवातीलाच ४ ग्रॅम शिरेतून आणि दोन्ही कुल्ल्यांत ५-५ : १४ अँप्युल. पुढे दर ४ तासांनी ५. चोवीस तासांचे ३०. एकूण ४४. शिरेतले ५० टक्क्यांचे तसेच जाऊ नये म्हणून ८ मि.ली. औषध आणि १२ मि.ली. पाणी हे प्रमाण डब्याच्या झाकणावर लिहा. उताऱ्यासाठी कॅल्शियम ग्लुकोनेट त्याच डब्यात.

प्रश्न : क्रॅश कार्टला (आपत्कालीन औषधांच्या चाकांच्या कपाटाला) कुलूप लावावे का?

लावू नका. किल्ली नेमकी सुट्टीवरच्या सिस्टरकडे असते. क्रमांकाचे, हाताने तुटणारे प्लॅस्टिक सील लावा. त्यावर सर्वांत आधी मुदत संपणाऱ्या औषधाचे नाव आणि महिना. सील शाबूत असेल तर रोज फक्त क्रमांक बघायचा. पोटॅशियम क्लोराइड मात्र कार्टमध्ये नकोच. घाईत ते पाणी समजून उचलले आणि थेट शिरेत गेले, तर हृदय थांबते.

प्रश्न : प्रशिक्षण वर्गात सगळे बरोबर उत्तरे देतात, प्रत्यक्षात गोंधळ होतो.

मग वर्ग बंद करून रात्रपाळीत, न सांगता सराव घ्या. घड्याळ लावा आणि ‘सर्पदंश, दहा व्हायल’ एवढेच सांगा. कपाट उघडण्यापासून बाटली टांगेपर्यंतची वेळ लिहा. पाय कुठे अडले तेही लिहा : किल्ली, सिरिंज, की पाणी. सरावाला मुदत संपलेल्या व्हायल वापरता येतात, पण त्यांवर लाल शाईने ‘सराव’ लिहून त्या त्याच रात्री मोजून परत घ्या. एक जरी वॉर्डात राहिली, तर ती कार्टमध्ये जाऊन बसते.